गटार नको, संडासाची रांग नको, तरी वस्ती सोडवत नाही, असं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही झोपडपट्टी पुनर्वसनाच्या सर्वेक्षणावर नव्याने रुजू झाला आहात. दारासमोर उघडं गटार, पहाटे कधीतरी तासभर येणारं पाणी, सार्वजनिक संडासापुढची रांग, पावसाळ्यात घरात शिरणारं पाणी, हे सगळं लोक तुम्हाला हात धरून दाखवतात. मग तीच माणसं म्हणतात, ‘आम्हाला इथून हलवू नका.’ ज्यांना इमारतीत खोली मिळाली त्यांतल्या काहींनी ती विकली आणि पुन्हा पत्र्याच्या घरात गेले, असंही तुम्ही ऐकलंय. ही खरी ओढ, नाइलाज, की आणखी काही पदरात पाडून घ्यायची युक्ती, असं तुम्ही विचारताय.

मी मुंबईच्या पूर्व उपनगरांत आणि काही काळ पुण्यात वस्तीत संघटक म्हणून काम केलंय, तेव्हा तिथलंच सांगते. तिन्ही गोष्टी असतात आणि बहुतेक वेळा एकाच घरात असतात. पण तुमच्या प्रश्नामागे एक समजूत दिसते, ती आधी बाजूला ठेवा. वस्ती जितकी वाईट तितका तिचा लळा कमी, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं होत नाही. जागेबद्दलचं समाधान आणि जागेचा लळा यांचा हिशेब माणसं वेगवेगळा ठेवतात. ‘इथे राहून समाधानी आहात का?’ याला बाई ‘नाही’ म्हणते, ‘दुसरीकडे जायला आवडेल का?’ यालाही ‘नाही’ म्हणते, आणि आपला सर्वेक्षक शेऱ्याच्या रकान्यात ‘उत्तर विसंगत’ असं लिहून मोकळा होतो. तिचं उत्तर अगदी सुसंगत असतं. तिला गटार नकोय, शेजार हवाय. फॉर्ममध्ये हे दोन वेगळे रकाने नाहीत, एवढंच.

इंग्लंड-अमेरिकेतल्या अभ्यासांत १९७० च्या दशकापासून एक गोष्ट वारंवार दिसली आहे: माणूस आपल्या मोहल्ल्याशी किती बांधला जाईल हे त्याच्या उत्पन्नापेक्षा मुक्कामाच्या वर्षांवर जास्त ठरतं. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. आपल्याकडची वस्ती लोकांनी हाताने उभी केलेली असते. चीता कॅम्पचं उदाहरण घ्या. ट्रॉम्ब्याची जनता कॉलनी ही मुळात शहराच्या इतर भागांतून हटवलेल्या लोकांनाच दिलेली जागा. तिथे ते स्थिरावले, शाळा काढल्या, दुकानं टाकली. मग भाभा अणुसंशोधन केंद्रासाठी ती जागा हवी झाली आणि आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, सुमारे ७० हजार लोकांना उचलून चीता कॅम्पच्या दलदलीच्या जागेवर नेऊन टाकलं. त्याविरुद्धच्या लढ्यातून पुढे आलेले जोकिन अर्पुथम नंतर देशभरातल्या झोपडीवासीयांचे नेते झाले. आज चीता कॅम्पात कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो आधी भरणीबद्दल बोलेल: किती गाड्या माती, किती राडारोडा, कुठल्या पावसात पहिली भिंत गेली. मालवणी, शिवाजीनगर, बैंगनवाडी इथेही थोड्याफार फरकाने हेच ऐकू येतं.

घरही असंच वाढतं. आधी ताडपत्री, मग पत्रा, मग एका बाजूला वीट, मुलाचं लग्न ठरलं की पोटमाळा. पोटमाळ्याची शिडी बाहेरून असेल तर भाडेकरू ठेवता येतो. फरशी बसवली ती गावची पट्टी विकून किंवा भिशी उचलून. नळ आला तो गल्लीतल्या घरांनी गट करून, पैसे काढून, वॉर्ड ऑफिसच्या खेपा घालून. त्या खेपा कुणी घातल्या हे गल्लीत सगळ्यांना पाठ असतं. सरकारच्या लेखी हे ‘अतिक्रमित बांधकाम’, किंमत शून्य. माणसाच्या लेखी ती त्याची आयुष्यभराची बचत असते, फक्त बँकेत ठेवलेली नाही.

आणि कागद. हा भाग बाहेरच्यांना हमखास दिसत नाही. १९७६ ची झोपडपट्टी गणना झाली, फोटोपास म्हणजे झोपडीधारकाची ओळखपत्रं मिळाली. मग १९९५ ची तारीख आली, पुढे २००० ची. ‘पात्र’ ठरायचं तर अमुक तारखेआधी इथेच राहत होतो हे सिद्ध करायला लागतं: मतदार यादी, वीजबिल, रेशनकार्ड. म्हणजे जागेला चिकटून राहणं हे कायद्यानेच फायद्याचं केलंय. जो हलला त्याचा पुरावा तुटला. घरात पत्र्याच्या पेटीत कपड्यांच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेले ते कागद, पूर आला की आधी वाचवले जातात ते तेच. तेव्हा लोक हटवादीपणे जागा सोडत नाहीत असं कुणी म्हटलं की मी विचारते, सोडणाऱ्याला आपण आजवर काय दिलं?

आता शेजाराकडे येऊ, कारण माझ्या मते खरा जीव तिथे आहे. गरीब वस्तीत शेजारी म्हणजे गप्पा मारायला सोबत एवढंच नसतं. बाई सकाळी साडेसहाला धुणीभांड्यांना निघते तेव्हा तिसरीतल्या पोराला उठवून शाळेत ढकलायचं काम समोरच्या आजी करतात. त्याबद्दल आजींना डॉक्टरकडे नेण्याचं काम या घराचं. किराणावाला वहीत लिहून ठेवतो. ही उधारी त्याला तुमचा पगार कधी होतो, नवरा पितो का, मागच्या गणपतीत किती दिवस थकवलं होतं हे माहीत आहे म्हणून मिळते. कामं ओळखीतून मिळतात: ‘आमच्या मॅडमच्या बिल्डिंगमध्ये एक घर सुटलंय.’ मजूर नाक्यावर ठेकेदार तोंड बघून उचलतो. यातलं काहीच सोबत नेता येत नाही. नव्या ठिकाणी किराणावाला रोख मागतो, आणि त्याचंही चूक नाही, तो तुम्हाला ओळखत नाही.

धारावीत हे आणखी ठळक दिसतं, कारण तिथे गल्ली हाच कारखाना आहे. कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेली कुंभारांची घरं, मधल्या मोकळ्या जागेत भट्ट्या, दारात वाळत घातलेली मडकी आणि पणत्या. तेरा कंपाउंडात प्लॅस्टिक वेगळं करायचं काम. बायका घरी पापड लाटतात आणि गल्लीत उपड्या टोपल्यांवर वाळवतात. नकाशावर ही जागा ‘मोकळा रस्ता, रुंदी अपुरी’ अशी नोंदली जाते. तिथला माणूस ‘मला धारावी सोडायची नाही’ म्हणतो तेव्हा त्यातलं किती प्रेम आणि किती पोट, हे वेगळं काढायला जाऊ नका. त्यालाही ते वेगळं काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या, म्हणजे ओल्गा टेलिस प्रकरणाच्या निकालात हे मान्य केलं होतं: उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि माणसाला जागेवरून उठवलं की त्याचं कामही जातं. त्याच निकालाने रीतसर नोटीस देऊन उठवायला परवानगीही दिली, हे मात्र भाषणांतून सांगितलं जात नाही.

मोडतं कुठे ते सांगते. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात, जागतिक बँकेने २००२ मध्ये मंजूर केलेल्या, रेल्वेमार्गाच्या आणि रस्त्यांच्या कडेची सुमारे एक लाख माणसं हलवली गेली. मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड, वाशी नाका, गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड ही नावं त्यातून वर आली. रेल्वेकडेच्या बऱ्याच वस्त्या आधीपासून संघटित होत्या, बायकांचे बचतगट होते, माणसं गटागटाने गेली. त्यांचं निदान बोलायला कुणी होतं. रस्त्यांसाठी उठवलेल्या अनेक कुटुंबांच्या आणि दुकानदारांच्या तक्रारी इतक्या झाल्या की बँकेच्या तपास मंडळाकडे प्रकरण गेलं आणि २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागाचा निधी काही महिने थांबवला. इमारत तीच, चौरस फूट तेवढेच, पण गटाने गेलेले आणि विखरून गेलेले यांच्यात फरक पडतो. विखरून जायला कारण अगदी क्षुल्लक असतं: सोडत. टोपीतून चिठ्ठी काढायची, ज्याला जो मजला लागेल तो. सोडत निष्पक्ष असते यात शंका नाही. पण ती पोराला शाळेत ढकलणाऱ्या आजींना दुसऱ्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर टाकते आणि लिफ्ट बंद असते.

लिफ्ट का बंद असते? कारण मेंटेनन्स भरला जात नाही. तो का भरला जात नाही? कारण सोसायटीत कुणी कुणाला ओळखत नाही, शेजारच्याने भरला की नाही ते कळत नाही, आणि वस्तीत ज्याच्या शब्दाने वर्गणी निघायची तो माणूस दुसरीकडे गेलाय. यंत्रणेला हा निव्वळ देखभालीचा प्रश्न वाटतो. माझ्या मते तो शेजार तुटल्याचा परिणाम आहे.

नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडातल्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर भरदिवसा दिवा लागतो. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईसोबत तिथे केलेल्या अभ्यासात उजेड-वारा न पोहोचणाऱ्या घरांचा आणि क्षयरोगाचा संबंध दिसला. तेव्हा ‘पक्कं घर मिळालं, आता काय रडताय’ असं म्हणण्याआधी ते घर बघावं. माहुलचं तर विचारूच नका. तानसा जलवाहिनीकडेची कुटुंबं २०१७ च्या सुमारास तिथे नेली. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच माहुल परिसरातल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं म्हटलं होतं, तरी नेली. लोक विद्याविहारला जुन्या जागेजवळ फुटपाथवर येऊन बसले, कोर्टात गेले, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे राहण्यासाठी महिना १५ हजार रुपये भाडं आणि ४५ हजार अनामत द्यायला सांगितलं. माहुलच्या लोकांच्या विरोधाला मी ‘वस्तीची ओढ’ म्हणत नाही. ते जीव वाचवत होते. सगळ्या नकारांना एकाच खात्यात घालू नका म्हणून हे सांगितलं.

घर गेल्यावर माणूस शोक करतो, आणि तो शोक मेलेल्या माणसासाठी करतो तसाच असतो, हे मार्क फ्रीड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये मांडलं. बॉस्टनचा वेस्ट एंड हा इटालियन कामगारांचा मोहल्ला शहर सुधारणेच्या नावाखाली पाडला गेला, त्यानंतर त्याने तिथल्या बायकांशी बोलून पाहिलं. जवळपास निम्म्या बायकांना दीर्घकाळ तीव्र दुःख झालं होतं. त्यातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की आधीचा मोहल्ला जितका जास्त आवडत होता, तितका शोक खोल. नवं घर चांगलं मिळालं की तो आपोआप मिटतो असं नाही.

इथे बायकांचा विषय निघालाच आहे तर एक स्पष्ट बोलते. वस्तीचे गोडवे गाणाऱ्या शहरी मंडळींचा मला कंटाळा येतो. ‘किती जिवंत समाज आहे हा, दारं उघडी, सगळे एकमेकांना धरून!’ दारं उघडी असतात कारण दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि एक खिडकी असते. उघड्या दारातून शेजारणीचा आधार येतो आणि त्याच दारातून पाळतही येते: तरुण मुलगी किती वाजता आली, कुणाच्या गाडीवरून उतरली. वस्ती सोडायला सगळ्यात उतावीळ कोण असतं माहीत आहे? सासुरवाशिणी आणि वयात आलेल्या मुली. घरात संडास, आत कडी लावता येणारी मोरी, एवढ्यासाठी त्या शेजार, उधारी, सगळं सोडायला तयार असतात, आणि त्यांचं बरोबर आहे. रात्री संडासला जायला लागू नये म्हणून संध्याकाळी पाणी न पिणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पण कुटुंबप्रमुखाच्या नावाने फॉर्म भरला की त्यांचं मत कुठेच येत नाही. घरातला पुरुष ‘आम्ही हलणार नाही’ म्हणतो तेव्हा ‘आम्ही’त कोण कोण आहे ते तपासायला हवं.

भाडेकरू तर आणखी बाहेर. पोटमाळ्यावर राहणारा उत्तर प्रदेशातला जरीकाम करणारा पोरगा दहा वर्षं तिथे असेल, मोहरमला आणि गणपतीलाही वर्गणी देत असेल, तरी तो यादीत नाही. धारावीच्या सध्याच्या पुनर्विकासात, ज्याची निविदा २०२२ मध्ये अदानी समूहाला मिळाली, तळमजल्यावरच्या १ जानेवारी २००० आधीच्या रहिवाशांना धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर आणि नंतरच्यांना किंवा वरच्या मजल्यावरच्यांना धारावीबाहेर, अशी विभागणी आहे. कागदावर हे तारखेचं वर्गीकरण आहे. प्रत्यक्षात वरच्या मजल्यावर कधी धाकटा भाऊ राहतो, कधी तळमजल्यावरच्या कारखान्यातला कारागीर. एकाच शिडीची दोन टोकं दोन उपनगरांत जातील.

ओढ नेमकी कशाची, हेही नीट बघा. ‘वस्ती’ ही आपली सोय आहे. नकाशावर आपण एका रेघेत पाच नगरं घेतो. आतल्या माणसाला त्यातली आपली गल्ली, फार तर पुढचा चौक एवढंच आपलं वाटतं. इकडे बुद्ध विहार आणि निळा झेंडा, पलीकडे मस्जिद, त्यामागे तमिळ लोकांचं कोविल, मधे मातंग वस्तीतलं अण्णा भाऊंच्या नावाचं मंडळ. ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेली एकेका गावची माणसं अजूनही एकाच रांगेत सापडतात. यांच्यात जिव्हाळाही असतो आणि सरहद्दीही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत कितीतरी कुटुंबं मिश्र वस्तीतून निघून आपल्या लोकांत राहायला गेली, मुंब्रा त्यानंतर झपाट्याने वाढलं. तेव्हा ‘इथेच बरं वाटतं’ या वाक्याच्या मागे भीतीही असू शकते. बाहेर घर बघायला गेलं की आडनाव विचारतात, ‘नॉनव्हेज चालणार नाही’ म्हणतात. ज्याला हे रोज ऐकायला लागतं त्याला आडनाव न विचारणारी गल्ली गटारासकट प्रिय होते. गोवंडीत एक रिक्षावाले मामू मला म्हणाले होते, ‘बाई, इधर बदबू है, पर कोई नाम नहीं पूछता.’ देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासून तिथे आहे, बदबू काय असते ते त्यांना सांगायची गरज नव्हती.

मुलांचं वेगळंच. मुलाखतीला गेलेला मुलगा गोवंडीऐवजी चेंबूर सांगतो. पुण्यात जनता वसाहतीतला सहकारनगर सांगतो. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व विभागाचा, म्हणजे गोवंडी-मानखुर्दच्या भागाचा, निर्देशांक ०.०५ आला, चोवीस विभागांत सगळ्यात खाली; तेव्हापासून तर वर्तमानपत्रांना ते एकच विशेषण सापडलंय. पत्ता लपवणारा हाच मुलगा जयंतीच्या मिरवणुकीत पहाटेपर्यंत नाचतो, मंडळाचा टी-शर्ट वर्षभर घालतो, आणि बाहेरच्या कुणी वस्तीला नाव ठेवलं तर अंगावर जातो. आपल्या माणसाला आपण बोलू, तुम्ही बोलायचं नाही, तशातला प्रकार. लाज आणि अभिमान दोन्ही मोजायला शिका. नुसती लाज मोजली तर ‘लोकांना बाहेर पडायचंय’ असा निष्कर्ष निघतो आणि नुसता अभिमान मोजला तर ‘लोक सुखी आहेत’ असा. दोन्ही निष्कर्ष कुणा ना कुणाच्या सोयीचे असतात.

जाता जाता एक मनातलं बोलते. बीडीडी चाळी, गिरणगाव, गिरगाव यांच्या आठवणींना आपल्याकडे मोठा मान. गॅलरी, सार्वजनिक नळावरची भांडणं, दिवाळीत एकत्र केलेला फराळ, यावर दिवाळी अंक निघतात. बीडीडीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीतल्या माणसाने ‘आम्हाला इथेच घर द्या’ म्हटलं तर ती मुळं, आणि सरकारही त्याला तिथेच ५०० चौरस फूट देतं; वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. चांगलंच झालं. पण त्याच नळावरची भांडणं आणि तोच फराळ असलेल्या झोपडपट्टीतल्या बाईने हेच वाक्य म्हटलं की ते ‘सरकारी जागेचा लोभ’ होतं. फरक जागेच्या कागदाचा आहे, मायेचा नाही.

आता ‘विकून परत येतात’ याचं. विकतात, खोटं नाही. पण कोण आणि का, हे विचारा. आजारपण आलं, मुलीचं लग्न निघालं, सावकाराचं तोंड बंद करायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच विकता येईल असं काही हातात होतं. पुनर्वसनातलं घर ठरावीक वर्षं विकायला बंदी असते, म्हणून ते कुलमुखत्यारपत्रावर, पडत्या भावात जातं. खरा नफा घेणारा दुसराच असतो. आणि विकणारा जुन्या वस्तीत क्वचितच परततो, कारण ती जागा आता बिल्डरकडे असते. तो जातो दिवा, नालासोपारा, कल्याणच्या पुढे. दोन तास लोकलने कामावर. मध्यमवर्गातल्या माणसाने दादरची जागा विकून ठाण्यात मोठी घेतली की त्याला आपण व्यवहार म्हणतो, हेही लक्षात असू द्या. युक्ती करणारेही भेटतील: सर्वेक्षणाच्या आदल्या रात्री उभी केलेली भिंत, मेव्हण्याच्या नावाचं वीज मीटर. ते ओळखायला तुम्ही लवकरच शिकाल. त्यांच्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधू नका म्हणजे झालं.

जागेवरच सुधारणा झाली तर काय होतं, हे पुण्यात येरवड्याला पाहता येतं. जवाहरलाल नेहरू अभियानाखाली, २००९ च्या सुमारास, तिथे वस्ती न हलवता कच्ची घरं पाडून त्याच पायावर पक्की बांधायचं ठरलं. घराचं क्षेत्र साधारण २७० चौरस फूट, खर्च तीन लाखांच्या आसपास, त्यातला दहा टक्के लाभार्थ्याचा. पक्की घरं होती त्यांना हात लावला नाही. गल्ल्या तशाच राहिल्या, थोड्या सरळ झाल्या. महिला मिलन या वस्त्यांतल्या बायकांच्या संघटनेने घराघरात जाऊन नकाशे समजावले, शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून पाया घ्यायचा का यावर चर्चा झाल्या. काम संथ होतं, पैसे अडकले, ज्यांच्या पायाची जागा शंभर फुटांचीच होती तिथे तीन मजले उंच चिंचोळी घरं झाली, म्हातारी माणसं जिन्याला वैतागली. तरी कोपऱ्यावरचा दुकानदार तोच राहिला, आणि घरापुढचा ओटा राहिला. ओट्याला योजनेत पैसे नव्हते, तो लोकांनी स्वतःच्या खर्चाने बांधला. मुंबईत जमिनीचा भाव बघता हे सगळीकडे जमेल असं मी म्हणणार नाही. पण ‘टॉवर किंवा झोपडी’ असे दोनच पर्याय आहेत, असं कुणी तुम्हाला सांगितलं तर येरवड्याची एक चक्कर मारून या.

तुमच्या हातात धोरण नाही, फॉर्म आहे. तेव्हा फॉर्मपुरतं सांगते. ‘वस्तीबद्दल आपुलकी वाटते का, खूप / थोडी / नाही’ हा प्रश्न काढून टाका. त्याला सगळे ‘खूप’ म्हणतात, कारण तुम्ही सरकारी माणूस आहात. त्याऐवजी विचारा: बाहेर जाताना चावी कुणाकडे ठेवता? रात्री दोन वाजता दवाखान्यात जायचं झालं तर कुणाचं दार वाजवता? कुणाकडे उधारी आहे, भिशी कुणाकडे आहे? कामाला चालत जाता की गाडीने? याआधी कुठून उठवलं होतं? शेवटच्या प्रश्नाला अनेक घरांत बराच वेळ लागेल, लागू द्या. पहिल्या तीन प्रश्नांत जी नावं येतील ती लिहून घ्या. पंधरा-वीस घरांचे असे गट आपोआप दिसायला लागतात. बहुतेक ते एका गल्लीतले असतात, पण दरवेळी नाही. कधी चावी दोन गल्ल्या सोडून असलेल्या बहिणीकडे असते.

मग वरिष्ठांपुढे एकच मागणी लावून धरा: सोडत घरांची न काढता गटांची काढा. कुठला गट कुठल्या इमारतीत आणि मजल्यावर, ते चिठ्ठीने ठरू दे. गटातल्या गटात कोण कुठे, ते त्यांचं त्यांना ठरवू दे. अपंग आणि वृद्ध खाली, एवढा नियम घाला. यात एक रुपयाही जादा लागत नाही, त्यामुळे नाही म्हणायला कारण शोधावं लागतं. कारण सापडेलही, पात्र-अपात्रतेच्या याद्या वेगवेगळ्या वेळी येतात हे नेहमीचं. तेव्हा यादी पूर्ण होईपर्यंत वाटप थांबवा म्हणून आग्रह धरा, आणि अपात्र ठरलेल्यांची नावंही गटाच्या कागदावर राहू द्या. अपिलात त्यांतले काही परत येतात.

सर्वेक्षणाला सकाळी अकराला जाऊ नका. त्या वेळी घरी फक्त म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतात. संध्याकाळी आठनंतर जा, बायकांशी पुरुष नसताना वेगळं बोला, आणि पोटमाळ्याची शिडी चढून वरच्यांनाही तेच प्रश्न विचारा, यादीत त्यांना रकाना नसला तरी.